उल्लेख आणि ऋण

कोणत्या माणसाचें वजन किती, हें ठरविण्याची मनुष्याची हौस फार जुनी आहे. सोन्याला कसोटी आहे, धान्याला माप आहे, कापडाला गज आहे. पण विद्वत्तेला आणि विचाराला माप कोणतें, हा प्रश्न आला कीं सर्वांचीच पंचाईत होते. अशा वेळीं लोक एक सोपी युक्ति काढतात. अमक्याचें नांव किती जण घेतात, तें ते मोजतात. ज्याचें नांव पुष्कळ जण घेतात तो मोठा, ज्याचें कोणी घेत नाहीं तो लहान! वरवर पाहतां यांत गैर असें कांहींच दिसत नाहीं. कांहीं तरी पाहिल्याखेरीज कोणी कोणाचें नांव उगाच कशाला घेईल? परंतु हल्लीं ह्या मोजणीला जें शास्त्राचें रूप आलें आहे, आणि तिच्या आधारानें माणसांच्या उपजीविकेचे निर्णय जसे होऊं लागले आहेत, तें पाहून ह्या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

विषय सुचण्यास निमित्त घरचेंच झालें. आमच्या एकत्र कुटुंबांतील धाकटा पुतण्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितो. गेल्या दिवाळींत जेवणें आटोपल्यावर मंडळी पान खात बसली असतां तो आपल्या बढतीच्या अर्जाची हकीकत सांगत होता. त्याच्या निबंधांचा इतर संशोधकांनीं आपापल्या निबंधांत किती वेळां उल्लेख केला, ह्याचा आकडा त्यास भरून द्यावयाचा होता. आमच्या मातोश्रींनीं सुपारी कातरतां कातरतां विचारलें, "अरे, पण नांव कशासाठीं घेतलें, हें लिहितात का रे त्यांत? गुण गाण्यासाठीं कीं चूक दाखविण्यासाठीं?" पुतण्या हंसून म्हणाला, "नाहीं आजी, तसा रकानाच नाहीं." त्यावर त्या म्हणाल्या, "मग नुसत्या आकड्यानें काय कळायचें?" मातोश्री चार इयत्तांपलीकडे शिकलेल्या नाहींत, परंतु ह्या विषयावर विद्वानांनीं जें पुष्कळ लिहिलें आहे त्याचा गाभा त्यांच्या त्या प्रश्नांत आला होता.

ह्या मोजणीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तिचें मूळ विज्ञानांत नसून वकिलीच्या धंद्यांत आहे. अमेरिकेंत १८७३ सालीं फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें न्यायनिवाड्यांची एक सूचि काढण्यास आरंभ केला. एखाद्या निवाड्याचा पुढील कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख आला, हें तींत दिलेलें असे. एवढ्यावरच न थांबतां, पुढील न्यायालयानें तो निवाडा मान्य केला, कीं प्रस्तुत खटल्यास तो लागू नाहीं असें ठरविलें, कीं तो अजिबात रद्द केला, हें दाखविणाऱ्या खुणाही त्या सूचींत पुढें येऊं लागल्या. वकिलाचें काम त्यावांचून चालणारच नाहीं. रद्द झालेला निवाडा आधार म्हणून न्यायाधीशापुढें ठेवणाऱ्या वकिलाची काय गत होईल, हें सांगावयास नको!

ही कल्पना विज्ञानाच्या क्षेत्रांत आणावी, अशी सूचना युजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं केली, आणि १९६४ सालीं फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेनें वैज्ञानिक निबंधांतील उल्लेखांची मोठी सूचि प्रसिद्ध केली. शोधकाला वाट दाखवावी, एका निबंधावरून पुढचा, त्यावरून त्याच्याही पुढचा, असा त्यास माग काढतां यावा, हा तिचा मूळ हेतु. हेतु उत्तम होता व आजही आहे. पण शेपर्डच्या सूचींतील त्या खुणा मागें राहिल्या आणि संख्या तेवढी पुढें आली. वाट दाखविण्यासाठीं काढलेला नकाशा लोकांनीं तराजू म्हणून टांगला. पुढें नियतकालिकांचे 'प्रभावांक' निघाले. २००५ सालीं हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें प्रत्येक संशोधकाचें वजन एकाच अंकांत सांगण्याची रीत काढली. आणि आमच्या देशांतही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमांत, निबंध ज्या नियतकालिकांत छापला त्याच्या प्रभावांकाप्रमाणें प्राध्यापकास कमीअधिक गुण देण्याचें कोष्टक आलें.

आतां, उल्लेख कशासाठीं केला हें विचारण्याची आमची परंपरा किती जुनी आहे, तें पाहण्यासारखें आहे. पाणिनीनें अष्टाध्यायींत आपिशलि, काश्यप, गार्ग्य, गालव, चाक्रवर्मण, भारद्वाज, शाकटायन, शाकल्य, सेनक आणि स्फोटायन, अशा दहा पूर्वाचार्यांचीं नांवें घेतलीं आहेत. ज्या ग्रंथांत अर्ध्या मात्रेचीही काटकसर, त्यांत दहा आचार्यांचीं नांवें म्हणजे केवढा खर्च! म्हणून टीकाकार अशा ठिकाणीं थांबून विचारतात कीं, हें नांव येथें कशासाठीं? बहुधा उत्तर असें येतें कीं, तो नियम त्या आचार्याच्या मतें, इतरांच्या मतें नाहीं. म्हणजे विकल्प दाखविण्यासाठीं. परंतु सहाव्या अध्यायांत जेथें आपिशलीचें नांव येतें, तेथें सूत्रांत 'वा' शब्द अगोदरच असल्यानें विकल्प त्यानेंच साधतो. मग नांवाचें प्रयोजन काय? काशिकाकार सांगतात कीं, तें केवळ पूजेसाठीं, आदर दाखविण्यासाठीं. मतभेदाचा उल्लेख निराळा आणि आदराचा उल्लेख निराळा, हा विवेक ज्या परंपरेनें केला, तिच्या वारसांनीं आतां दोन्हींची एकत्र बेरीज करून तिला मोठेपणा म्हणावें, ही काळाची थट्टाच होय.

उल्लेखाचे हे दोन प्रकार एकत्र केले म्हणजे काय होतें, ह्याचीं उदाहरणें थोडथोडकीं नाहींत. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सर्वच लुप्त झाले. त्यांचीं मतें आपणांस मुख्यत्वें त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांनीं सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभ चार्वाकदर्शनानेंच केला आहे. पण तो त्याचा गौरव करण्यासाठीं नव्हे, तर पुढील दर्शनांस तें खोडतां यावें म्हणून! आणि आजचें उदाहरण हवें तर इंग्लंडांतील घ्या. गोंवर, गालगुंड आणि रूबेला ह्यांवरील लस व मुलांतील स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा एक निबंध १९९८ सालीं 'लॅन्सेट' ह्या नामांकित नियतकालिकांत आला. त्यांतील माहिती सदोष ठरली आणि २०१० सालीं नियतकालिकानें तो निबंध परत घेतला. त्याचे उल्लेख हजाराच्या वर झाले आहेत. पैकीं बहुतेक त्याचें खंडन करण्यासाठींच. केवळ संख्या पाहणाऱ्यास तो निबंध वैद्यकाचें एक भूषण वाटेल! त्या निबंधाचा परिणाम झाला नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. भ्यालेल्या आईबापांनीं मुलांस लस टोंचविली नाहीं आणि गोंवराच्या सांथी पुन्हां उद्भवल्या. परिणाम होणें आणि थोर असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हेंही यावरून दिसतें.

उल्लेखाचा तिसरा एक प्रकार आहे. तो म्हणजे उपयोगाचा. जगांत सर्वांत अधिक उल्लेख ज्या वैज्ञानिक निबंधाचे झाले, तो कोणता असावा असें वाचकांस वाटतें? आइन्स्टाइनचा? डार्विनचें तर पुस्तकच. तें सोडून देऊं. तो निबंध आहे ऑलिव्हर लौरी व त्यांचे सहकारी यांचा, १९५१ सालचा. एखाद्या द्रवांत प्रथिन किती आहे तें मोजण्याच्या रीतीवरचा. २०१४ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकानें मोजदाद केली तेव्हां त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर भरले होते. उलट, जीवमात्राच्या आनुवंशिक द्रव्याची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली, ज्यावर आजचें सारें जीवशास्त्र उभें आहे. तो निबंध त्या मोजदादींत पहिल्या शंभरांतही नव्हता. लौरीचा निबंध टाकाऊ असें आम्ही म्हणत नाहीं. घरोघरीं चाळणी लागते. पण म्हणून चाळणीला कोणी अन्नपूर्णा म्हणत नाहीं.

बरें, उल्लेख आदराचाच आहे, असें क्षणभर धरूं. तरी दुसरी एक अडचण उभी राहते. एकानें नांव घेतलें म्हणून दुसरा घेतो, दुसऱ्यानें घेतलें म्हणून तिसरा. आमच्याकडे ह्यास गड्डरिकाप्रवाहन्याय म्हणतात. पुढची मेंढी जिकडे गेली तिकडे मागची. अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं १९६८ सालीं दाखविलें कीं, एकच काम प्रसिद्ध व अप्रसिद्ध अशा दोघांनीं केलें, तर श्रेय बहुधा प्रसिद्धाच्या पदरीं पडतें. ज्याच्याजवळ आहे त्यासच आणखी मिळतें. पुढें २००६ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं ह्याचा मोठा मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांवर लोकांस त्यांनीं अपरिचित मंडळ्यांचीं ४८ गाणीं ऐकविलीं. कांहीं जणांस नुसतीं गाणीं दिलीं. बाकीच्यांचे आठ निरनिराळे गट करून, आपल्या गटांतील इतरांनीं कोणतें गाणें किती वेळां उतरवून घेतलें, तो आकडाही त्यांस दाखविला. झालें असें कीं, आकडा दिसूं लागतांच लोकप्रिय गाणीं अधिकच लोकप्रिय झालीं आणि मागें पडलेलीं आणखीच मागें पडलीं. शिवाय एका गटांत जें वर चढलें तें दुसऱ्या गटांत वर चढेलच, असा नेम राहिला नाहीं. फार चांगलीं गाणीं सहसा तळाला गेलीं नाहींत, फार वाईट सहसा माथ्यावर चढलीं नाहींत; पण मधल्या मोठ्या पंगतीचें भवितव्य बव्हंशीं आरंभींच्या योगायोगावर ठरलें. लोकप्रियता ही अशी अंशतः गुणांची आणि अंशतः स्वतःचीच लेक असते.

यावर कोणी म्हणेल, "सर्व उल्लेख सारखे कशाला धरतां? मोठ्यानें केलेल्या उल्लेखाला अधिक किंमत द्या." ही सूचना खरोखर मार्मिक आहे. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज ह्या दोन विद्यार्थ्यांनीं महाजालावरील पानांचा क्रम ह्याच तत्त्वावर लावण्याची रीत प्रसिद्ध केली. एका पानानें दुसऱ्याकडे बोट दाखविलें म्हणजे तें एक मत. पण ज्या पानाकडे वजनदार पानें बोट दाखवितात, त्याचें मतही वजनदार. ह्याच रीतीवर गूगलचा शोधयंत्राचा व्यवसाय उभा राहिला. आमच्या वाङ्मयांत याचा उत्तम दाखला भासाचा आहे. कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत भास, सौमिल्ल व कविपुत्र ह्या तिघां नामांकितांचा उल्लेख केला. भासाचीं नाटकें त्याचीं म्हणून शतकानुशतकें पंडितांस ठाऊक नव्हतीं. तरी कालिदासासारख्यांच्या शब्दावर त्याचें नांव टिकलें. १९१२ सालापासून गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम येथें तेरा नाटकें भासाचीं म्हणून प्रसिद्ध केलीं. तीं सर्व त्याचींच काय, हा वाद पंडितांत पुढें पुष्कळ चालला. पण शोध करण्याची उत्सुकता अशा उल्लेखांनींच जागी ठेविली होती. सौमिल्ल आणि कविपुत्र यांचें मात्र नांवच उरलें. शिवाय, ज्या स्थळीं हा उल्लेख आहे तेथेंच कालिदास हेंही सुचवितो कीं, केवळ प्रसिद्धि पाहून काव्याची योग्यता ठरवूं नये! ज्यानें उल्लेख केला त्यानेंच उल्लेखाच्या मोहाबद्दल सावध केलें.

परंतु वजनदारांच्या उल्लेखांतही एक गोम आहे. वजनदार मंडळी एकमेकांचींच नांवें घेत बसलीं तर? २००४ सालच्या अमेरिकेंतील निवडणुकीच्या सुमारास महाजालावर राजकीय लेखन करणाऱ्यांनीं कोणाकोणाचे दाखले दिले, ह्याचा अभ्यास अॅडमिक व ग्लान्स ह्या दोन विदुषींनीं २००५ सालीं प्रसिद्ध केला. उदारमतवाद्यांचे व पुराणमतवाद्यांचे मिळून शंभरांतील सुमारें ९१ दाखले आपल्याच पक्षांतील लेखकांचे होते! प्रत्येक पक्षांत आपापले महर्षि होते आणि त्यांच्या पायांशीं उल्लेखांच्या राशी पडल्या होत्या. परंतु ह्या राशींनीं समोरच्या बाजूचा एक तरी मनुष्य पालटला काय, हें त्या राशींवरून कळण्यासारखें नव्हतें. लग्नाच्या पंगतींत व्याही व्याह्याची थोरवी गातो, त्यांतलाच हा प्रकार.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खरा प्रभाव पुष्कळदां उल्लेखावांचूनच राहतो. मर्टन यांनींच दाखविलें आहे कीं, एखादी कल्पना ज्ञानांत पुरती मुरली म्हणजे तिच्या कर्त्याचें नांव गळून पडतें. हा लेख वाचतांना वाचक स्वल्पविरामाशीं किंचित् थांबले असतील, पूर्णविरामाशीं पुरते थांबले असतील. हीं चिन्हें मराठी गद्यांत रूढ करण्याचें श्रेय मेजर कँडी यांस देतात. असें असतां मराठींतील कोणता लेखक आपल्या प्रत्येक ओळीखालीं कँडींचें नांव लिहितो? १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें; त्यांनीं पाडलेल्या वाटेनें पिढ्यान्पिढ्या मुलें चाललीं, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत दादोबांचें ऋण कोणी मान्य केल्याचें, आम्हीं पस्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून, एकदाही पाहिलें नाहीं! उलट बाजूचें उदाहरण ग्रेगोर मेंडेल यांचें. वाटाण्याच्या झाडांवरील त्यांचा निबंध १८६६ सालीं छापला गेला. ते १८८४ सालीं वारले. आणि आनुवंशिकतेचे त्यांचे नियम जगानें ओळखले ते १९०० सालीं. मधल्या चौतीस वर्षांत त्यांचें नांव घेणारे बोटांवर मोजण्याइतके. त्या वर्षांत कोणी त्यांच्या बढतीचा अर्ज तपासला असता, तर काय शेरा मारला असता?

येथें आम्हांस आमचे संस्कृतचे शास्त्रीबोवा आठवतात. त्यांनीं ग्रंथ लिहिला नाहीं, निबंध छापला नाहीं, सभेंत भाषण केलें नाहीं. महाजालावर त्यांचें नांव शोधूं गेल्यास कांहींही सांपडणार नाहीं. परंतु संधि सोडवितांना डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर पदें मांडण्याची त्यांची एक रीत होती. कोणतें पद कोठें संपतें तें मुलाला डोळ्यांनीं दिसत असे. आम्हीं ती त्यांच्यापासून उचलली आणि पस्तीस वर्षें वर्गांत वापरली. आमच्या विद्यार्थ्यांतील काहीजणी आज शिक्षिका आहेत. मागें एकीच्या वर्गांत सहज जाऊन बसण्याचा योग आला, तों चौदा वर्षांचीं मुलें डाव्या हाताच्या पेरांवर मेघदूतांतील पदें मोजतांना पाहिलीं. त्या मुलांस शास्त्रीबोवांचें नांव ठाऊक नाहीं, शिक्षिकाबाईंसही नाहीं. हा प्रभाव कोणत्या सूचींत लिहावयाचा? आणि तो कोठें लिहिला गेला नाहीं म्हणून झालाच नाहीं, असें म्हणावयाचें काय?

म्हणून आकडे फेंकून द्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. अजिबात कोणीच न पाहिलेलें काम आणि पुष्कळांनीं पाहिलेलें काम, यांतील फरक आकडा दाखवितो. वशिल्यानें नेमणुका करणाऱ्यांस तो कधीं कधीं लगामही घालतो. पण आकड्यास दैवत केलें कीं त्याचे भक्त प्रसादासाठीं काय करतील याचा नेम नाहीं. एका निबंधाचे तीन तुकडे करणें, आपलेंच नांव आपण घेणें, 'तूं माझें घे, मी तुझें घेतों' अशी भिशी चालविणें, हे प्रकार संशोधनाच्या जगांत सर्वांस माहीत आहेत. यास कंटाळूनच २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें संपादक व संशोधक जमले असतां एक जाहीरनामा तयार झाला. नियतकालिकाचा प्रभावांक पाहून माणसाची योग्यता ठरवूं नये, त्याचें काम स्वतः वाचून ठरवावी, असा त्याचा आशय आहे. वाचून ठरवावी! इतकी साधी गोष्ट सांगण्यासाठीं विद्वानांस जाहीरनामा काढावा लागला.

घरांत आपण दुसरें काय करतों? अमक्या वैद्याचें, अमक्या शाळेचें, अमक्या ग्रंथाचें नांव चार तोंडांनीं ऐकलें कीं आपण मान डोलावतों. त्या चौघांपैकीं तिघांनीं तें चौथ्याच्याच तोंडून ऐकलें नाहीं ना, इतकें तरी पाहावें. नांव घेणारा कोण, तो कशासाठीं नांव घेतो, आणि त्या नांवामुळें त्याच्या स्वतःच्या वागण्यांत किंवा विचारांत काय पालटलें, हे तीन प्रश्न विचारावे. तिसऱ्याचें उत्तर मिळालें तर तो प्रभाव. न मिळालें तर ती नुसती प्रसिद्धि. आणि ज्यांचे आपल्यावर खरोखर उपकार आहेत, ज्यांनीं अक्षर वळविलें, हिशेब शिकविला, स्वयंपाकांतील हात दिला, त्यांचीं नांवें मुलांसमोर एकदा तरी उच्चारावीं. त्यानें कोणाचा अंक वाढणार नाहीं, कोणास बढती मिळणार नाहीं. आपिशलीचें नांव पाणिनीनें घेतलें तेंही कांहीं त्याची बढती व्हावी म्हणून नव्हे.